बर्न वॉर्डात २६ दिवस काढले त्याचा रिव्ह्यू (कातडीपेक्षा पोटाबद्दल जास्त लिहिलंय)

हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. एक तर क्लेम अजून अडकलेला आहे, आणि दुसरं म्हणजे ज्या सिस्टरांनी माझ्या साळ्याला सांभाळलं त्या आणि खालचा बिलिंग काउंटर या दोघांना एकाच नावाखाली मार्क द्यायला माझं मन होत नाही. नागपुरातलंच आहे, खाजगी आहे, बर्नचा वॉर्ड वेगळा आहे, एवढं पुरे. पाचपैकी साडेतीन. आता का ते सांगतो, लंबं होईल, चहा घेऊन बसा.

जानेवारीतला शनिवार, उमरेड रोडच्या आतल्या बाजूला साळ्याच्या मित्राचं शेत, रोडग्याची पार्टी. पुण्या-मुंबईच्या लोकांसाठी सांगतो, रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे, गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, वरून तूप, सोबत वांग्याची भाजी आणि वरण, आमच्याकडे हिवाळा त्याशिवाय संपत नाही. तर गोवऱ्या ओल्या निघाल्या, नुसता धूर, आणि आमचे साळेसाहेब तोपर्यंत अर्ध्याच्या वर बाटली रिचवून बसलेले, ते उठले, बाइकमधून पाण्याच्या बाटलीत पेट्रोल काढलं आणि ओतलं. धार तुटायच्या आत आग धारेवरून बाटलीपर्यंत आली. अंगात ट्रॅकसूटचं जॅकेट, ते वितळून छातीला चिकटलं. मी पंधरा फुटांवर वांगी कापत होतो.

एक गोष्ट बरी झाली, शेतमालकानं विहिरीची मोटर चालू केली आणि त्याला पाइपाखाली उभा केला, चांगला वीस मिनिटं. एक वाईट झाली, कोणी तरी हातावर टूथपेस्ट चोपडली. नंतर ड्रेसिंगला ती खरडून काढताना तो जसा ओरडला ते मला अजून ऐकू येते. त्यामुळे लिहून ठेवा, वाहतं साधं पाणी वीस मिनिटं, बर्फ नाही, पेस्ट नाही, शाई नाही, हळद नाही.

साडेनऊला जळाला, वाटेत एका छोट्या नर्सिंग होममध्ये एक सलाइन लावून पुढे पाठवलं, आणि या हॉस्पिटलात पोचलो तेव्हा सव्वाबारा. इमर्जन्सीला पूर्ण मार्क. स्ट्रेचर गेटवर, डॉक्टर पाच मिनिटांत, आणि प्लास्टिक सर्जन मॅडम घरून अर्ध्या तासात. त्यांनी अंगावर नजर फिरवून हिशोब सांगितला, उजवा हात पूर्ण ९, छाती-पोटाच्या पुढच्या बाजूचा अर्धा भाग ९, मांडीचा ४, एकूण २२ टक्के. वजन ७२ किलो. मग किलोमागे आणि टक्क्यामागे ४ मिली, म्हणून ४ गुणिले ७२ गुणिले २२, म्हणजे ६३३६ मिली सलाइन चोवीस तासांत, त्यातलं अर्धं पहिल्या आठ तासांत. आणि इथे मला पहिल्यांदा समजलं की हे आठ तास हॉस्पिटलात आल्यापासून मोजत नाहीत, जळाल्यापासून मोजतात, म्हणजे आमचे पावणेतीन तास रस्त्यातच गेले होते. पुढे हा आकडा धरून बसत नाहीत, लघवी बघून कमी-जास्त करतात, सिस्टर दर तासाला पिशवी बघून लिहायची, तासाला ३६ मिलीच्या खाली गेली की फोन.

मग मॅडमनी विचारलं, दारू घेतली होती का, किती, रोजची आहे का.

सासूबाई पुढे झाल्या. "नाही बाई, आमचा पोट्टा पेत नाही."

त्याच्या तोंडाचा वास कॅज्युअल्टीच्या दारापर्यंत येऊन राहिला होता. पण त्याचं कारण होतं, अॅडमिशन काउंटरवरच्या मेडिक्लेमच्या पोरानं दहा मिनिटं आधीच कानात सांगितलं होतं की हिस्टरीत दारू आली तर क्लेमला त्रास होतो, बघा तुम्ही. अर्धा स्टार मी तिथे कापला. पॉलिसीत व्यसनाच्या उपचाराचं आणि त्याच्या परिणामांचं कलम असतं हे खरं, पण रात्री साडेबारा वाजता भाजलेल्या माणसाच्या आईला हे सांगायची ती वेळ नव्हती भाऊ.

मी मॅडमच्या मागे कॉरिडॉरमध्ये गेलो आणि सांगून टाकलं. रोज एक क्वार्टर, आठ-दहा वर्षं, आज जास्त, शेवटचा पेग नऊच्या सुमारास. त्या रागावल्या नाहीत, नुसतं लिहून घेतलं आणि म्हणाल्या, बरं झालं सांगितलं, आता मला याचं पोट वेगळं सांभाळावं लागेल. मला वाटलं लिव्हर म्हणत असतील. त्या म्हणाल्या, लिव्हर तर आहेच, पण आधी आतडी. मी म्हटलं, मॅडम जळाली तर कातडी आहे ना. तर त्यांनी संमतीपत्राच्या कोऱ्या बाजूवर पेनानं चौकोनांची एक रांग काढली, आणि मला हसू आलं कारण माझं टाइल्सचं दुकान आहे, मी दिवसभर हेच चित्र काढतो गिऱ्हाइकांना.

तर ते चित्र माझ्या भाषेत. आतड्याच्या आतल्या अंगाला पेशींचा एकच थर असतो. एकच, हो. त्या पेशी टाइल्ससारख्या शेजारी शेजारी, आणि दोन पेशींच्या मधे प्रोटीनचे टाके असतात, त्यांना टाइट जंक्शन म्हणतात, म्हणजे आमचं ग्राउट, टाइल्सच्या फटीत भरतो तो मसाला. वरून म्यूकसचा चिकट लेप. या भिंतीच्या एका बाजूला अन्न आणि अब्जावधी बॅक्टेरिया, दुसऱ्या बाजूला रक्त. अन्नातलं कामाचं आत घ्यायचं आणि बॅक्टेरियाला बाहेर ठेवायचं, दोन्ही कामं याच एका थराची. आता ज्यांच्या वरच्या मजल्यावरचं बाथरूम गळलेलं आहे त्यांना माहीत आहे, टाइल फुटून क्वचित गळतं, गळतं ते जॉइंटमधून. नंतर मी घरी वाचलं, स्वीडनमध्ये २०१४ साली दोघांनी माणसाच्या आतड्याचं क्षेत्रफळ नव्यानं मोजलं, ३२ चौरस मीटर भरलं, म्हणजे साडेतीनशे स्क्वेअर फूट (आतडं टेनिस कोर्टाएवढं असतं ही जुनी गोष्ट सोडून द्या). साडेतीनशे फुटाचं काम, एकेरी थर, आणि तोही तीन ते पाच दिवसांत पूर्ण नवीन बसवायचा, जन्मभर. कोणता मिस्त्री करेल.

मोठं भाजलं, साधारण २० टक्क्यांच्या वर, की गोष्ट कातडीपुरती राहत नाही. रक्तवाहिन्या झिरपायला लागतात, पाणी बाहेर जातं, आणि शरीर उरलेलं रक्त मेंदूकडे, हृदयाकडे वळवतं. कट लागतो तो आतड्याला. मग सलाइननं रक्त परत येतं, तर त्या परत येण्यानंही वेगळी इजा होते. वरून सूज. सूज म्हणजे बाहेरून दिसणारी फुगवटी नाही, रक्तातली, इंटरल्युकिन ६, इंटरल्युकिन १८ असल्या नावाची रसायनं निघतात, ती न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींना बोलावतात, त्या येतात जखम साफ करायला पण आतड्याच्या भिंतीतही गर्दी करतात आणि जे सोडतात त्यानं आपलंच ग्राउट उखडतं. जॉइंट सैल झाला की बॅक्टेरिया किंवा त्यांचं विष, एंडोटॉक्सिन, पलीकडे झिरपतं, लिव्हरकडे जातं, तिथून सूज परत वाढते, वाढलेली सूज परत भिंतीवर येते. गोल गोल.

आणि दारू? ती हेच ग्राउट वेगळ्या बाजूनं खाते. दारूचं शरीरात अॅसिटाल्डिहाइड होतं आणि ते टाइट जंक्शन सैल करतं. शिकागोजवळ लोयोला युनिव्हर्सिटीत यावर बरीच वर्षं काम चालू आहे, उंदरांना नुसती दारू दिली तर भिंतीला थोडं होतं, नुसतं भाजलं तर थोडं, पण दारू पाजून भाजलं की दोन्हीची बेरीज करा त्याच्या वर जातं, न्यूट्रोफिल जास्त येतात, आतड्यात एन्टेरोबॅक्टेरिया जातीचे उपद्रवी बॅक्टेरिया वाढतात. इंटरल्युकिन १८ अडवलं तर इजा कमी होते, आणि इंटरल्युकिन २२, जे भिंत दुरुस्त करणारं आहे आणि अशा वेळी कमी पडतं, ते बाहेरून दिलं तर भिंत सावरते. हे उंदरांवरचं आहे, मेडिकल स्टोअरमध्ये जाऊन इंटरल्युकिन २२ मागू नका. पण माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली, आम्ही जी गोष्ट क्लेमसाठी लपवत होतो ती डॉक्टरला सलाइनच्या हिशोबाइतकीच लागत होती.

आता या सगळ्यावर हॉस्पिटलनं केलं काय, रिव्ह्यू म्हणजे तेच ना.

पहाटे चार वाजता, म्हणजे जळून साडेसहा तास, नाकातून पोटात नळी, राइल्स ट्यूब, घातली आणि पातळ फीड चालू. आमच्या घरच्यांनी राडा केला. सासूबाई म्हणे तो तडफडून राहिला आणि यायले जेवाची पडली. साळ्याचा मित्र म्हणे हे बिल वाढवायचे धंदे आहेत. खरं सांगतो, मलाही तेच वाटलं होतं. पण आतड्याच्या पेशी आपलं बरंचसं खाणं आतून जाणाऱ्या अन्नातूनच घेतात, उपाशी ठेवलं की भिंत पातळ होत जाते, म्हणून भाजलेल्याचं पोट शक्य तितक्या लवकर चालू करायचं, चोवीस तासांच्या आत तरी. तासाला वीस मिलीनं सुरू केलं, वाढवत नेलं. दुसऱ्या दिवशी पोट ढोलासारखं टण्ण झालं तेव्हा रात्रीच्या सिस्टरनं फीड बंद नाही केलं, कमी केलं, मॅडमला फोन करून विचारलं, दर चार तासांनी पोटाला स्टेथोस्कोप लावून ऐकायची. तिला विचारलं काय ऐकता, म्हणे गुडगुड. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला गॅस झाला तर वॉर्डात पेढे वाटायचे बाकी होते. अॅसिड कमी करायचं इंजेक्शनही होतं, भाजल्यावर पोटात अल्सर होऊन रक्त जातं म्हणून, ही भानगड १८४२ पासून माहीत आहे, कर्लिंग नावाच्या डॉक्टरच्या नावानं ओळखतात.

तिसऱ्या रात्री हात थरथरायला लागले. मग चादरीवरच्या मुंग्या वेचायला लागला. मुंगी एक नव्हती. दारू अचानक सुटली की दोन ते चार दिवसांत हे येतं, आणि आम्ही लपवलं असतं तर नवीन डॉक्टरला वाटलं असतं इन्फेक्शन डोक्यात गेलं. इथे थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, पहिल्या रात्रीपासूनच चालू होतं, औषध तयार होतं, हात बांधून ठेवले नाहीत, एक ब्रदर रात्रभर खुर्ची टाकून बसला. आणि त्याच रात्री तो मित्र, तोच रोडगेवाला, थर्मासमध्ये पेग घेऊन आला. "अबे थोडी दे त्याले, थरथर थांबते." प्रेमानं आणलं होतं, हे खरं. सिस्टरनं थर्मास उघडून वास घेतला आणि त्याला लिफ्टपर्यंत सोडून आली, एक शब्द मोठ्यानं न बोलता. त्या सिस्टरसाठी मी साडेतीनचे पावणेचार करायला तयार आहे.

पाचव्या दिवशी ताप १०२, आणि पातळ संडास. मी मॅडमना विचारलं, ते ग्राउटवालंच का. त्यांनी सरळ सांगितलं, जखमेतून असेल, सलाइनच्या लाइनमधून असेल, पोटातून असेल, आत्ता नक्की सांगता येत नाही, रक्त आणि संडास दोन्ही तपासायला पाठवलंय, लाइन बदलते. मला हे आवडलं. हो-ला-हो लावून एक महागडं अँटिबायोटिक चढवून मोकळं होता आलं असतं, ते त्यांनी रिपोर्टपर्यंत थांबवलं, कारण उगाच अँटिबायोटिक म्हणजे आतड्यातले चांगले बॅक्टेरियाही साफ. ताप दोन दिवसांत उतरला. नवव्या दिवशी डाव्या मांडीची कातडी काढून छातीला ग्राफ्ट केलं, बसलं.

डाएटिशियनला मात्र अर्धेच मार्क. कागद छापील, सगळ्यांना एकच, त्यात ब्रोकोली. नागपुरात जानेवारीत पालक, मेथी, वालाच्या शेंगा, तुरीचे सोले सगळं दारात येतं आणि ही बाई ब्रोकोली लिहिते. प्रोटीन किलोमागे दीड ते दोन ग्राम पाहिजे, म्हणजे याला दिवसाला १०८ ते १४४, आणि कॅन्टीनचं वरण असं की तळ दिसतो. शेवटी बायकोनं घरून डबा चालू केला, सहा अंडी, घट्ट वरण, सोल्याची आमटी बिनतिखटाची, पनीर. कोणी तरी सावजीचा जहाल तिखट रस्सा आणायची गोष्ट काढली होती, तुमच्यापुढे हात जोडतो, त्या भिंतीवर सावजी नको.

फार्मसी. इथे खरी तक्रार आहे. बिलात रोज ग्लुटामिन नावाच्या अमिनो आम्लाचे सॅशे, १४ दिवस. माझी भाची मेडिकलला शिकते, तिनं बिल बघितलं आणि म्हणाली मामा, हे आतड्याच्या भिंतीसाठी द्यायचे, आधी गाइडलाइनमध्येही होतं, पण २०२२ मध्ये बाराशेच्या वर भाजलेल्या पेशंटवर मोठी ट्रायल छापून आली, त्यात ग्लुटामिननं लोक लवकर घरी गेले असं काही निघालं नाही. मी मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, जुना प्रोटोकॉल आहे, मी लिहिलेलं नाही, आयसीयूच्या छापील शीटमधून येतं, आजपासून बंद. बंद झालं. पण झालेले १४ दिवसांचे पैसे काही कमी केले नाहीत, आणि न वापरलेले नऊ ड्रेसिंगचे पॅक परत घ्यायला दोन दिवस "सिस्टम डाउन". दुकानदार मीही आहे, माझी सिस्टम माल परत घ्यायच्या वेळेलाच डाउन होते का ते मला विचारा. अर्धा स्टार इथे गेला, उरलेला अर्धा कॅन्टीन आणि डाएटिशियनचा.

बाकी फुटकळ. संडास साफ, दिवसातून तीनदा. पार्किंग नाही, रस्त्यावर लावा, टोइंगवाले आले की वॉचमन शिटी वाजवतो. नातेवाइकांना वर झोपायला एक हॉल आहे, डास आहेत. ड्रेसिंग रूम वॉर्डाच्या इतकी जवळ आहे की दुसऱ्याचं ड्रेसिंग चालू असलं की आपला पेशंट डोळे मिटून घेतो, त्याचं काही तरी करा. फिजिओवाला पोरगा हिरा आहे.

डिस्चार्जला प्रेशर गारमेंट दिलं, अंगाला घट्ट बनियन, दिवसाचे २३ तास घालायचं, ग्राफ्ट जाड होऊ नये म्हणून. थंडीत ठीक होतं. आता एप्रिल आहे, पारा चव्वेचाळीसला टेकलाय, कूलरसमोर बसून तो मला शिव्या देतो, जणू पेट्रोल मी ओतलं.

मागच्या आठवड्यात फॉलोअपला गेलो. ओपीडीत दीड तास थांबवलं, ते इथलं नेहमीचं. मॅडमनी ग्राफ्ट बघितला, पोट दाबून बघितलं, भूक कशी, संडास कशी, आणि मग पेन हातात घेऊन विचारलं, दारूचं काय. साळा छताकडे बघायला लागला. मी फाइल चाळायला लागलो. सासूबाई मागच्या खुर्चीवरून उठल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "मागच्या मंगळवारी पेला हा. एक कॉटर. लिवा तुम्ही."